सार्वजनिक कंत्राटांतील वाद : निविदेपासून निवाड्यापर्यंतची वाट आणि तिची दुरुस्ती

राज्य शासन, जिल्हा परिषद, नगरपंचायत किंवा एखादे शासकीय महामंडळ जनतेच्या पैशातून रस्ता, साकव, नळपाणी योजना किंवा शाळेची इमारत बांधून घेते, अथवा औषधे, संगणक आणि पथदिवे विकत घेते, तेव्हा त्या व्यवहाराला सार्वजनिक खरेदी असे म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूखसारख्या तालुक्याच्या गावी या व्यवहारात अनेक घटक गुंतलेले असतात. नगरपंचायतीचे मुख्याधिकारी आणि नगरसेवक असतात, बांधकाम विभागाचे अभियंते असतात, स्थानिक नोंदणीकृत कंत्राटदार आणि लहान पुरवठादार असतात, आणि रस्ता वापरणारे किंवा नळाच्या पाण्याची वाट पाहणारे नागरिकही असतात. कंत्राटदार आणि कार्यालय यांच्यातील वाद लांबला, तर त्याची किंमत अखेर या शेवटच्या घटकाला मोजावी लागते. संगमेश्वर तालुक्यातून जाणाऱ्या मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हे टप्पे इतर टप्प्यांच्या मागे रेंगाळले, कंत्राटदार बदलण्याची वेळ आली आणि महामार्गाचा विषय जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. कंत्राट मोडल्यावर काम पुन्हा मार्गी लागायला किती काळ जातो, हे या भागातील प्रवाशांनी वर्षानुवर्षे अनुभवले आहे.

असे वाद कोणत्या टप्प्यावर उद्भवतात, त्या त्या टप्प्यावर कोणती पावले टाकावीत आणि ही सारी पद्धत कोठे बदलायला हवी, याचे विवेचन पुढे केले आहे. हे विवेचन सर्वसाधारण स्वरूपाचे आहे. प्रत्यक्ष प्रकरणात निविदेच्या अटी आणि तज्ज्ञ वकिलाचा सल्ला यांनाच प्राधान्य द्यावे लागते.

पहिला टप्पा : निविदा आणि निवड

वादांचे मुख्य प्रकार दोन. पहिला प्रकार कंत्राट होण्यापूर्वीचा असून त्यात पात्रतेच्या अटी, तांत्रिक लिफाफ्यातील कागदपत्रे, दरांची तुलना आणि निविदा रद्द करणे हे विषय येतात. दुसरा प्रकार कार्यारंभ आदेश मिळाल्यानंतरचा असून त्यात मुदतवाढ, मोजमाप, जादा काम, दंड, देयके आणि कंत्राट समाप्ती यांचा समावेश होतो. या दोन प्रकारांची न्यायालयीन वाट निराळी असते, त्यामुळे आपला वाद नेमका कोणत्या प्रकारात मोडतो हे सर्वप्रथम ठरवावे.

निवडीच्या टप्प्यावरील कायद्याचा पाया मुंबईतील एका प्रकरणाने घातला. मुंबईच्या विमानतळावर उपाहारगृह चालवण्यासाठी मागवलेल्या निविदेत प्राधिकरणाने अनुभवाची एक अट घातली आणि ती अट पूर्ण न करणाऱ्यालाच काम दिले. या रमण दयाराम शेट्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितले की, शासनाने स्वतः जाहीर केलेला निकष शासनावरही बंधनकारक असतो आणि सार्वजनिक लाभाचे वाटप मनमानी पद्धतीने करता येत नाही. मात्र १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालाने न्यायालयाच्या हस्तक्षेपाची मर्यादाही आखून दिली. न्यायालय निर्णय घेण्याची प्रक्रिया तपासते, परंतु अपील ऐकल्याप्रमाणे कोणाचा प्रस्ताव अधिक चांगला हे ठरवत नाही. २००६ च्या जगदीश मंडल निकालाने याचिकेपुढे दोन कसोट्या ठेवल्या : निर्णय दुष्ट हेतूने किंवा कोणताही समंजस अधिकारी घेणार नाही इतक्या मनमानीने घेतला गेला आहे काय, आणि त्यामुळे सार्वजनिक हिताला बाधा येते काय. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी येत असतील, तर रिट याचिकेवर पैसा आणि वेळ खर्च करण्यात फारसा अर्थ उरत नाही.

स्थगितीच्या बाबतीत अपेक्षा आणखी माफक ठेवावी लागते. विशिष्ट सहाय्य अधिनियमात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, पायाभूत सुविधा प्रकल्पाच्या पूर्ततेला विलंब होईल असा मनाई हुकूम दाव्यात देता येत नाही. या दुरुस्तीसोबतच्या अनुसूचीत रस्ते, पूल, पाणीपुरवठ्याच्या वाहिन्या, सांडपाणी आणि घनकचरा व्यवस्थापन यांचा समावेश असल्यामुळे छोट्या शहरातील बहुतेक मोठी कामे त्या कक्षेत येतात. एन. जी. प्रोजेक्ट्स प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिट याचिकांमध्येही हाच संयम अपेक्षित असल्याचे सांगितले आणि अन्याय झालेल्या निविदाधारकासाठी काम थांबवण्यापेक्षा त्याला नुकसानभरपाईकडे वळवणे योग्य मानले.

म्हणूनच या टप्प्यावर खरी शक्ती वेळेवर घेतलेल्या लेखी हरकतीत असते. पात्रतेची अट विशिष्ट व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून घातली आहे असे वाटत असेल, तर निविदापूर्व बैठकीतच लेखी प्रश्न उपस्थित करावा. अट मान्य करून निविदा भरली, त्यात यश आले नाही आणि त्यानंतर अटीला आव्हान दिले, तर न्यायालये सहसा ते विचारात घेत नाहीत. तांत्रिक लिफाफा नाकारला गेल्यास, आर्थिक लिफाफे उघडण्यापूर्वीच नकाराचे कारण लेखी मागावे. संकेतस्थळावरील नोंदींच्या तारीख-वेळेसह छायाप्रती जतन कराव्यात. मूल्यमापनाचे तक्ते आणि निविदा समितीचे इतिवृत्त माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली मागता येतात. माहिती देण्याची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे, आणि तेवढ्या काळात कार्यारंभ आदेश निघू शकतो. त्यामुळे हरकत आणि माहितीचा अर्ज एकाच दिवशी दाखल करणे श्रेयस्कर ठरते.

रिट याचिका अपरिहार्य झाली, तर रत्नागिरी जिल्ह्यातील पक्षकाराला आता मुंबईच गाठावी लागते असे नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले असून त्याच्या कार्यक्षेत्रात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे येतात. आंबा घाटाने कोल्हापूरला जाणाऱ्या देवरूखकरांसाठी हे अंतर खऱ्या अर्थाने कमी झाले आहे.

दुसरा टप्पा : काम चालू असताना

कामाच्या काळातील वादात साक्षीदारांपेक्षा कागद अधिक बोलतात. राज्यातील बांधकाम विभागाच्या कामांत बी-१ आणि बी-२ हे निविदा नमुने दीर्घकाळ प्रचलित आहेत. बी-१ मध्ये कंत्राटदार अंदाजपत्रकीय दराच्या टक्केवारीने कमी किंवा जास्त दर देतो, तर बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर स्वतंत्रपणे नमूद करतो. विलंबाची भरपाई, मुदतवाढ, कामातील बदल आणि जादा बाबी यांसंबंधीची कलमे या नमुन्यांतच असतात. ती सही करण्यापूर्वी वाचली जात नाहीत, हे बहुसंख्य वादांचे मूळ आहे.

कोकणात मुदतीचा प्रश्न पावसाशी जोडलेला असतो. जून ते सप्टेंबर या काळात खोदाई, भराव आणि डांबरीकरण जवळजवळ बंद पडते. त्यामुळे कामाची मुदत पावसाळा धरून आहे की वगळून, हे कार्यारंभ आदेश हाती येताच तपासावे. जागा ताब्यात न मिळणे, वीजखांब किंवा जुनी जलवाहिनी न हलवली जाणे, वनखात्याची परवानगी प्रलंबित असणे, नकाशे उशिरा मिळणे असे अडथळे कार्यालयाच्या बाजूने उद्भवले, तर अडथळा सुरू होताच त्याची तारीख, कारण आणि बाधित बाब यांसह मुदतवाढीचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मुदत संपल्यावर मागितलेली मुदतवाढ पुष्कळदा कंत्राटदाराचाच विलंब ठरते. विलंबासाठी ठरवलेली रक्कम आपोआप पूर्णपणे वसूल करता येते, हाही समज चुकीचा आहे. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात नमूद केलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते.

जादा कामाच्या बाबतीत तोंडी सूचनेवर विसंबणे सर्वांत महाग पडते. जांभा खडक अपेक्षेपेक्षा उथळ पातळीवर लागला, मोरीची लांबी वाढली किंवा ग्रामस्थांच्या मागणीवरून गटार वाढवले, तर त्या बाबीचा लेखी आदेश आणि दराची मान्यता मिळाल्याशिवाय काम पुढे नेऊ नये. निकड असेल, तर त्याच दिवशी तोंडी सूचनेचा उल्लेख करणारे पत्र द्यावे. मोजमाप पुस्तिका हा शासकीय कामातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा होय. तिच्यातील नोंद मान्य नसेल, तर सही करतानाच हरकत नोंदवावी, आणि झाकल्या जाणाऱ्या कामाची संयुक्त मोजणी भराव होण्यापूर्वीच करून घ्यावी.

अंतिम देयकावर ‘पुढे काहीही येणे नाही’ असे लिहून घेण्याची प्रथा अनेक कार्यालयांत आहे. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बोघारा पॉलिफॅब या २००८ च्या निकालानुसार, दडपणाखाली दिलेले असे प्रमाणपत्र लवादाचा मार्ग कायमचा बंद करत नाही. तथापि दडपण सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर असतो, म्हणून रक्कम ‘हरकत राखून स्वीकारली’ असा शेरा किंवा त्याच दिवशीचे स्वतंत्र पत्र हाच अधिक सुरक्षित उपाय आहे.

काळ्या यादीचे प्रकरण वेगळे हाताळावे लागते. काळ्या यादीत टाकणे म्हणजे ठरावीक काळ शासकीय निविदांपासून वंचित ठेवणे, आणि लहान कंत्राटदाराच्या दृष्टीने हे धंदा बंद करण्यासारखे असते. इरुशियन इक्विपमेंट प्रकरणापासून, म्हणजे १९७४ पासून, सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीची संधी आवश्यक मानली आहे. गोरखा सिक्युरिटी प्रकरणात २०१४ मध्ये त्यापुढे जाऊन, काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे हे कारणे दाखवा नोटिशीतूनच स्पष्ट व्हायला हवे, असे ठरवले. अशा नोटिशीला मोघम उत्तर न देता मुद्देनिहाय आणि कागदपत्रांसह उत्तर द्यावे.

तिसरा टप्पा : थकलेली देयके

शासकीय कामांच्या थकीत देयकांसाठी राज्यभरातील कंत्राटदार संघटनांनी २०२५ मध्ये आंदोलने केली. मात्र आंदोलन चालू असताना कायद्याची मुदतही चालूच असते. मुदत अधिनियम, १९६३ नुसार केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा साधारणतः तीन वर्षांत करावा लागतो, आणि केवळ पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी कार्यालयाने सहीनिशी येणे कबूल केले किंवा अंशतः रक्कम दिली, तरच ती नव्याने मोजली जाऊ शकते. म्हणून दरवर्षी थकबाकीच्या शिलकीची लेखी पुष्टी मागणे ही साधी सवय मोठे नुकसान टाळते.

थकबाकी वसूल करण्याचे मार्ग वस्तुस्थितीनुसार बदलतात. रक्कम कार्यालयाला मान्य आहे आणि केवळ निधीअभावी दिली जात नाही, अशा प्रकरणात रिट याचिका चालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सूर्या कन्स्ट्रक्शन्स प्रकरणात २०१९ मध्ये स्पष्ट केले. रकमेबद्दलच वाद असेल, तर मात्र लवाद किंवा दिवाणी दावा हाच मार्ग उरतो. राज्य शासनाविरुद्ध दावा करण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. स्थानिक संस्थांच्या अधिनियमांतही नोटिशीच्या आणि मुदतीच्या वेगळ्या तरतुदी असतात, त्या वकिलाकडून वेळीच तपासून घ्याव्यात. बांधकाम आणि निविदांचे तीन लाख रुपयांपासूनचे वाद व्यापारी न्यायालय अधिनियम, २०१५ च्या कक्षेत येतात. तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल, तर दाव्यापूर्वी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थीचा प्रयत्न करणे तेथे सक्तीचे आहे.

सूक्ष्म आणि लघु उद्योग म्हणून नोंदणी झालेल्या पुरवठादारासाठी २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने आणखी एक मार्ग खुला केला आहे. लेखी करार असला तरी देयकाची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असे मानले जाते, आणि विलंबावर बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. मागणी सुविधा परिषदेपुढे मांडता येते आणि परिषदेच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. मात्र साहित्य आणि श्रम एकत्र असलेली बांधकाम कंत्राटे या अधिनियमाखाली येत नाहीत, असे मत मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेले आहे. त्यामुळे पथदिवे पुरवणाऱ्याला उपलब्ध असलेला हा मार्ग रस्ता बांधणाऱ्यालाही उपलब्ध आहे असे गृहीत धरू नये.

लवाद आणि ‘अंतिम निर्णय’

लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी करारानेच मान्य केलेला, न्यायालयाबाहेरचा निवाडा. येथे महाराष्ट्रातील कंत्राटदारांचा एक मोठा गैरसमज दूर व्हायला हवा. बी-१ नमुन्याच्या कलम ३० नुसार वादावर अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम मानला जातो, परंतु असे प्रत्येक कलम लवादाचे कलम ठरत नाही. अशाच स्वरूपाच्या कलमाचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पी. दशरथराम रेड्डी कॉम्प्लेक्स प्रकरणात म्हटले की, देखरेखीचे काम सोपवलेल्या अभियंत्याने दिलेला निर्णय हा लवादाचा निवाडा नव्हे. याचा अर्थ असा की, करारात स्पष्ट लवाद कलम नसेल, तर कंत्राटदाराला दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा असतो. ‘अंतिम’ या शब्दाला घाबरून मुदत घालवू नये.

लवाद कलम असेल, तर निवाडा करणारी व्यक्ती, म्हणजेही लवादच, कोण नेमणार हा प्रश्न कळीचा ठरतो. लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पक्षकाराच्या कर्मचाऱ्याला लवाद होता येत नाही. पर्किन्स ईस्टमन प्रकरणात २०१९ मध्ये, निकालात हितसंबंध असलेल्या अधिकाऱ्याला एकमेव लवाद नेमताही येत नाही असे ठरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सार्वजनिक कंत्राटांतील एकतर्फी नेमणुकीची कलमे समतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचे सांगितले. विभागाने परस्पर लवाद नेमला, तर त्यापुढे हजर होण्याआधी लेखी हरकत घ्यावी आणि उच्च न्यायालयाकडे नेमणुकीची मागणी करावी. निवाडा हाती आल्यावरही लढाई संपत नाही. मुंबईच्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये, आव्हान दिले की निवाड्याची अंमलबजावणी आपोआप थांबते ही व्यवस्था पुन्हा आणणारे कलम ८७ रद्द केले. आता स्थगिती हवी असेल, तर शासकीय पक्षालाही ती अर्ज करून मागावी लागते.

पद्धत कोठे बदलायला हवी

आतापर्यंतच्या विवेचनातून एक दोष सातत्याने पुढे येतो. कार्यालय आणि उच्च न्यायालय यांच्यामध्ये कमी खर्चाची, तटस्थ आणि ठरावीक मुदतीत निर्णय देणारी पायरीच नाही. ही उणीव भरून काढणे अशक्य नाही. तामिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये निविदा पारदर्शकतेचे स्वतंत्र कायदे करून निवडीच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची सोय केली. बेळगावच्या मराठी भाषक कंत्राटदाराला कर्नाटकाच्या कायद्याखाली ३० दिवसांत अपील करता येते, परंतु देवरूखच्या कंत्राटदाराला असा वैधानिक हक्क नाही. महाराष्ट्रात १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाची खरेदी नियमपुस्तिका आहे, मात्र ती प्रशासकीय सूचना आहे, विधिमंडळाचा कायदा नव्हे. केंद्राचे २०१२ चे सार्वजनिक खरेदी विधेयकही लोकसभेत मांडले गेल्यावर बारगळले.

राज्याने कायदा करावा, ही पहिली अपेक्षा. त्यात तांत्रिक नकाराचे कारण संकेतस्थळावर देण्याची सक्ती, निवड जाहीर झाल्यापासून कार्यारंभ आदेशापर्यंत काही दिवसांचा थांबा आणि त्या थांब्यातच निकाली निघणारे अपील, या तीन गोष्टी असाव्यात. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०११ मध्ये तयार केलेल्या नमुना कायद्यातही थांब्याची आणि आव्हानाची तरतूद आहे. निराधार अपिलांना आवर घालण्यासाठी वाजवी शुल्क ठेवता येईल, परंतु ते लहान निविदाधारकाला परवडणारे असावे.

कामाच्या काळातील वादांसाठी जिल्हा पातळीवर तटस्थ अभियंते आणि विधिज्ञ यांची नामिका हवी. आंतरराष्ट्रीय बांधकाम करारांत वापरल्या जाणाऱ्या वाद निवारण मंडळाची मूळ कल्पना अशी की, तज्ज्ञांनी काम चालू असतानाच जागेवर येऊन मत द्यावे, म्हणजे पुरावा ताजा राहतो आणि कामही थांबत नाही. ही कल्पना छोट्या कामांना झेपेल अशा रूपात आणता येते. एका तालुक्यातील अनेक कामांसाठी एकच तज्ज्ञ आणि प्रत्येक वादाला काही आठवड्यांची मुदत, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ३ जून २०२४ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, लवादाचे कलम सरसकट न घालता ते सर्वसाधारणपणे १० कोटी रुपयांपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरते ठेवावे आणि मध्यस्थी अधिनियम, २०२३ खालील मध्यस्थीला प्रोत्साहन द्यावे, असे म्हटले आहे. या सूचना राज्यांवर आपोआप बंधनकारक नाहीत. मध्यस्थीचा आग्रह योग्य असला, तरी तडजोडीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला पुढे लेखापरीक्षण आणि चौकशी यांची भीती वाटत राहिली, तर मध्यस्थी कागदावरच राहते. ‘विवाद से विश्वास २’ या केंद्राच्या २०२३ च्या योजनेत न्यायालयीन निवाड्यासाठी ८५ टक्क्यांपर्यंत आणि लवादाच्या निवाड्यासाठी ६५ टक्क्यांपर्यंत रक्कम देऊन प्रकरण मिटवण्याची मुभा होती. प्रमाण आधीच ठरलेले असल्याने अधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी येत नव्हती. राज्यातही सकारण टिपणी आणि समितीची मान्यता असलेल्या तडजोडीला असेच संरक्षण मिळायला हवे. त्याचबरोबर, वादग्रस्त रक्कम बाजूला ठेवून निर्विवाद रक्कम ताबडतोब द्यावी, असा नियम प्रत्येक करारात असावा.

कायदा होईपर्यंतही बऱ्याच गोष्टी स्थानिक पातळीवर करता येतात. नगरपंचायतीने निविदा नाकारल्याची कारणे, मुदतवाढीचे अर्ज आणि प्रलंबित देयके यांची नोंदवही दरमहा सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी. अभियंत्याने मुदतवाढीच्या अर्जावर निर्णय न देता तो पडून राहू देऊ नये. कंत्राटदाराने हरकत, मोजमाप आणि मुदत यांची लेखी नोंद ठेवावी. नागरिकांनी काम का थांबले आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. ज्या कामाची नोंद नीट ठेवलेली असते, त्यातील वाद सहसा न्यायालयापर्यंत जात नाही आणि गेलाच तर लवकर सुटतो. म्हणून सुधारणेची सुरुवात विधिमंडळाची वाट न पाहता पुढच्या निविदेपासूनच करावी.